डावीकडचा खोकला

त्या दिवशी दुपारी माझे पती वारले. ते खुर्चीत होते. रेकॉर्ड फिरत होती. मी सुई उचलली आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. ती खोली त्या दुपारी जशी होती तशीच राहावी. दोन्ही स्पीकर खिडकीखालच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून होते. खुर्ची अशी वळवलेली होती की बसणाऱ्याचं तोंड दाराकडे आणि उजवा कान स्पीकरकडे. ॲम्प्लिफायरवरचं एक बटण आत दाबलेलं होतं. ते दाबलं की डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज एक होतो आणि दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो. यात काही फार मोठं मागणं होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण ज्या घरात जाणकारांचा राबता असतो तिथे एक खुर्चीसुद्धा जागेवर राहत नाही.

हे जाणकार तिघं होते. एक हिंगोलीचे दातांचे डॉक्टर. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले साहेब, ते डॉक्टरांच्याच गाडीतून यायचे. तिसरा गोरेगावचा कृषी सेवा केंद्रवाला. तो बियाणं आणि औषधांच्या दुकानात मुलाला बसवून जीपने सेनगावला यायचा. दर रविवारी सकाळी ही मंडळी आमच्याकडे जमत. स्वतःला ते रसिक म्हणवून घेत. मी नोकरीची सगळी वर्षं मुलांना मराठी शिकवलं, रसिक या शब्दावर तासन् तास बोलले. पण या तिघांसाठी तो शब्द वापरायला माझी जीभ वळत नाही.

गाणं ऐकायला येणारी माणसं गाणं ऐकतील असं कुणालाही वाटेल. या मंडळींनी एवढ्या वर्षांत रेकॉर्डची एकही बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली नाही. सुई टेकायची, मिनिटभर डोळे मिटायचे, मग एकाने हात वर करायचा. सुई वर. चर्चा. एक वायर काढायची, दुसरी लावायची, पुन्हा तेच मिनिट. गायक बिचारा षड्जावरून उठून कुठे जाणार आहे, हे त्यांना कधी कळलंच नाही, कारण त्यांनी त्याला कधी जाऊ दिलं नाही. “आवाजात हवा आली” असं ते म्हणायचे. “पडदा सरकला” असंही म्हणायचे. दर रविवारी कुठला ना कुठला पडदा सरकायचा. इतके पडदे सरकल्यावर मागे काहीतरी दिसायला हवं होतं.

बँकेच्या साहेबांनी कुठेतरी वाचलं की वायर जमिनीला टेकली तर फरशीचा कंप तिच्यात उतरतो. त्यांनी माझ्या लग्नातले चिनी मातीचे कप मागून घेतले, फरशीवर उलटे मांडले आणि त्यांवरून वायर नेली. तेव्हापासून आमच्या घरी पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यांतून चहा मिळू लागला आणि वायरला कप मिळाले. त्याच सुमारास अंगणात अर्थिंगसाठी वेगळा खड्डा खणला गेला. त्यात मीठ आणि कोळसा भरला. खड्डा ओला राहिला पाहिजे, नाहीतर आवाज रुक्ष होतो, असं डॉक्टरांचं मत होतं. मे महिन्यात नळाला आठवड्याने पाणी यायचं, आणि माझे पती त्यातलं बादलीभर खड्ड्यात ओतायचे. मी एकदा म्हटलं, “तुळशीला घातलं असतं तरी काही उगवलं असतं.” ते म्हणाले, “आपल्याकडे तुळस कुठे आहे?” आणि ओतत राहिले.

सगळ्यात प्रिय त्यांना एक खोकला होता.

हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली एक रेकॉर्ड आमच्याकडे आहे. मैफलीत ध्वनिमुद्रित केलेली. भीमपलासच्या आलापात गायक अगदी खाली उतरतो, तंबोरे तेवढे उरतात, आणि त्या वेळी श्रोत्यांत कुणीतरी खोकतं. मंडळी आमच्याकडे येऊ लागली त्या सुरुवातीच्या काळात माझ्या पतींनी त्या तिघांना सांगितलं होतं, “तो माणूस डावीकडे बसला आहे. जरा मागे. त्याच्या शेजारी भिंत किंवा खांब असावा.” पुन्हा लावून पाहिलं. तिघांनाही तो दिसला. त्यानंतर कुठलीही नवी वायर, नवी सुई, नवं काही आलं की पहिली परीक्षा त्या खोकल्याची. जगातला एक मोठा गवई जीव ओतून गातो आहे आणि आमच्या सेनगावच्या घरात चार माणसं श्वास रोखून, कुणीतरी कधी खोकतं याची वाट बघत आहेत. हिंगोलीहून गाडीतलं पेट्रोल जाळून लोक सर्दी झालेल्या माणसाला ऐकायला यायचे. खोकून झालं की सुई वर.

“सर, तुमचा कान म्हणजे सोनं,” डॉक्टर म्हणायचे.

“सोन्याला भाव तरी अस्तो,” कृषी केंद्रवाला म्हणायचा. “सरच्या कानाला न्हाई.”

माझ्या पतींना हे आवडायचं. का आवडायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. माझे सासरे गोरेगावात ज्या वाड्यांच्या पायरीखाली उभे राहून कामाचा निरोप घ्यायचे, त्यांतल्याच एका वाड्यातला हा कृषी केंद्रवाला. त्याचे आजोबा आमच्या माणसांच्या हातचं पाणी घेत नसत. नातू आमच्या घरात चटईवर बसून, खुर्चीतल्या माझ्या पतींकडे मान वर करून विचारायचा, “सर, बराबर हाये का आता?” ही खुर्ची त्यांना हायस्कूलात पस्तीस वर्षं विज्ञान शिकवल्याने मिळाली नव्हती. घरातल्या पुस्तकांनी तर नव्हतीच. त्या तिघांपैकी कुणी पुस्तकांच्या कपाटाकडे मान वळवल्याचं मला आठवत नाही. ती कानाने मिळाली होती. असल्या माणसांच्या मान वर करण्याला किती किंमत द्यायची, याबद्दल आम्हा दोघांचं कधी जमलं नाही. मला ती चहाच्या गाळाइतकीही वाटत नव्हती. त्यांना वाटायची.

मग एका सकाळी ते उठले आणि त्यांचा डावा कान गेलेला होता. दुखणं नाही, ताप नाही. नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नस गेली म्हणाले, आता काही करता येणार नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला उजव्या बाजूला बसवलं. औंढा मागे पडलं. मग म्हणाले, “रविवारच्या मंडळींना कळता कामा नये.”

“कळलं तर काय होईल?”

“काही होणार नाही. येतील. सहानुभूतीने येतील.”

पुढचा महिनाभर त्यांनी संच लावला नाही. रविवारच्या मंडळींना सर्दीचं कारण सांगितलं. मग एक दिवस त्यांनी ते मोनोचं बटण दाबलं, स्पीकर कोपऱ्यात ओढले, खुर्ची वळवली, आणि भीमपलासची ती बाजू पूर्ण ऐकली. बाजू संपल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, “झालं.” एवढंच. पुढे रोज दुपारी असंच. एक बाजू, मग “झालं.” मी शेजारच्या खोलीत वाचत बसलेली असायची. गाण्यातलं मला कळतं असा माझा दावा नाही. पण माणूस ऐकतो आहे की आवाज तपासतो आहे, हे भिंतीपलीकडूनही कळतं. दोन कान होते तेव्हा तेही त्या तिघांसारखे अर्ध्यावर उठून वायरी खालीवर करायचे. एक कान गेला आणि माणूस बसून राहायला शिकला.

रविवारी मात्र सगळं उलट. सकाळी आंघोळी झाल्या की आम्ही दोघं स्पीकर उचलून भिंतीपासून दूर, फरशीवरच्या खुणांवर नेऊन ठेवायचो. हे स्पीकर म्हणजे ज्वारीच्या कोठीएवढे.

“कंबर सांभाळ गं.”

“तुम्ही तुमची सांभाळा. खोकणारा थांबलाय तुमच्यासाठी.”

“अजून दोन बोटं इकडे. त्यांना खूण दिसते.”

खुर्ची सरळ. बटण वर. मग दाराशी गाडी वाजायची. मंडळी गेली की पुन्हा सगळं उचलून कोपऱ्यात. एवढं ओझं आम्ही घरातल्या कुठल्या लग्नकार्यातही वाहिलं नसेल. मला त्याचा राग यायचा, आणि मी उचलायची.

एका कानाने बहिरा माणूस पुढची कित्येक वर्षं त्या तिघांना डावंउजवं शिकवत राहिला. ते त्यांना कसं जमायचं हे मी दारातून पाहिलं आहे. एकदा डॉक्टरांनी परदेशातून मागवलेली वायर आणली. काळी, जाड, धामणीसारखी. ती लावली, खोकला वाजवला. माझे पती डोळे मिटून होते; पण पूर्ण मिटलेले नव्हते. ते डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. चेहरा खुलला होता, पण भुवया जरा वर होत्या.

“छान आहे,” ते म्हणाले. “डावीकडे मात्र अजून बसायचीय. वाजू द्या पंधरा दिवस.”

“अगदी,” डॉक्टर म्हणाले. “मला तेच म्हणायचं होतं.”

“मलाबी डावीकडंच खुपून राहिलं व्हतं,” कृषी केंद्रवाला म्हणाला.

पंधरा दिवसांनी तिघांनी एकमताने सांगितलं की वायर बसली. त्या पंधरा दिवसांत रविवार सोडले तर ती आमच्याकडे लावलेलीच नव्हती. रोजच्या ऐकण्याला ती आखूड पडायची, म्हणून काढून कपाटावर टाकलेली होती. मी चहा ठेवून आत गेले. आत जाऊन हसले असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. मला शिसारी आली. त्या तिघांची आली, आणि थोडी माझ्या पतींचीही.

जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले. त्यानंतरच्या रविवारी तिघं आले. हार आणला होता. आणि मोजपट्टीही आणली होती.

हार फोटोला घातला, मिनिटभर उभे राहिले. ते मिनिट त्यांनी नीट पाळलं. मिनिटाची त्यांना सवय होती. मग डॉक्टर म्हणाले, “मॅडम, आमच्या मनात एक आहे. माझ्या दवाखान्यावर एक हॉल रिकामा आहे. तिथे सरांच्या नावाने श्रवणकक्ष करायचा. सरांचा संच, सरांची खुर्ची, अगदी सरांनी जशी मांडली तश्शी. एका इंचाचा फरक नको. म्हणून आज मापं घेऊन जातो.”

मी काही बोलायच्या आत ते खोलीत गेले. मागोमाग मी.

तिघं दारातच थांबले. कोपऱ्यात स्पीकर चिकटून, खुर्ची तिरकी.

“हे कुनी केलं?” कृषी केंद्रवाला म्हणाला.

“पाहुण्यांची पोरं असतील,” बँकेचे साहेब म्हणाले. “घरात गर्दी असली की असं होतं.” ते ॲम्प्लिफायरपाशी वाकले. “अरे, मोनो दाबलंय. बघा. कुणाला काय समजतं.”

“वहिनी, तुमी काळजी करू नका. करतो नीट.”

“राहू द्या,” मी म्हटलं.

“तकलीफ न्हाई वहिनी, सरचंच काम हाये.”

“राहू द्या, असं म्हणते आहे मी.”

पण त्यांनी बाही वर केल्या होत्या. स्वर नेमका कुठे लागला हे कळत असल्याचा दावा करणाऱ्या माणसांना बाईचं “राहू द्या” कधी ऐकू येत नाही. त्यांनी स्पीकर ओढले. फरशीवरच्या खुणा शोधून काढल्या आणि हरखून एकमेकांना दाखवल्या. खुर्ची सरळ केली, मोजपट्टी लावली. बटण वर केलं. साहेबांनी मोबाइलवर कसलासा काटा हलताना बघितला. मग भीमपलास. मिनिटभर आलाप. खोकला. सुई वर.

“सर इथंच हायेत,” कृषी केंद्रवाला म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरले होते. हे मला लिहावं लागतं.

“मॅडम, तुम्ही बसा,” डॉक्टरांनी खुर्चीकडे हात केला. “तुम्ही एकदा सांगा, असंच होतं ना? तुमचा शब्द असला की झालं.”

मी बसले नाही. मला दिसत होतं की मी हो म्हटलं की ही खोटी खोली हिंगोलीत दवाखान्यावर कायमची उभी राहणार, त्यांच्या नावाची पाटी लावून. ते ज्या खोलीत ऐकत होते आणि ज्या खोलीत गेले, तिची जागा ही घेणार. ते जिवंत असताना मी रविवारपुरतं ओझं उचललं होतं. मेल्यावर त्यांचे सगळे वार रविवार करायला मी तयार नव्हते.

“असं नव्हतं,” मी म्हटलं. “तुम्ही आलात तेव्हा होतं तसं होतं. ते बटण त्यांनीच दाबलेलं होतं.”

“शक्य नाही मॅडम. मोनो म्हणजे डावं-उजवं काही राहतच नाही. सरांसारखा माणूस मोनो ऐकेल?”

“त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. बरीच वर्षं. तुम्ही यायच्या आधी आम्ही दोघं हे सगळं मांडायचो.”

रेकॉर्ड नुसतीच फिरत होती. मी खुलासा करत गेले नाही. नांदेड, बस, काहीच सांगितलं नाही. ते सांगण्याच्या लायकीची माणसं समोर नव्हती.

डॉक्टरांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग अतिशय मायेने म्हणाले, “मॅडम, तुम्ही थोडं पडा. जेवण होतं ना वेळेवर? सोबत कुणी आहे का?”

मला तेव्हा कळलं की ते विश्वास ठेवणार नाहीत. ठेवूच शकत नव्हते. ठेवला असता तर त्यांना मान्य करावं लागलं असतं की इतके रविवार त्यांच्या सहा कानांनी काहीच ऐकलं नव्हतं. त्यापेक्षा एका बाईचं डोकं फिरलं हे सोपं होतं.

“संच कुठेही जाणार नाही,” मी म्हटलं. “मापं घेतली असतील तर या आता.”

दाराबाहेर डॉक्टर हळू आवाजात बोलले. आवाजाचे एवढे तज्ज्ञ, पण हळू बोललेलं ओसरीवरून किती आत येतं याचा त्यांना अंदाज नव्हता. “धक्का बसलाय. अशा वेळी माणूस काहीही बोलतं.”

“व्हय,” कृषी केंद्रवाला म्हणाला. “माही काकी बी काका गेल्यावर रोज दोन ताटं वाढून राहिली व्हती.”

काही महिन्यांनी दवाखान्यावरचा श्रवणकक्ष झाला. दुसरा संच आणला, आमच्या खोलीच्या मापांवर मांडला. उद्घाटनाचं बोलावणं द्यायला कृषी केंद्रवाला एकटा आला, रविवार सोडून आडवारी. चहाचा पेला रिकामा करून त्याने खाली ठेवला. मग म्हणाला, “वहिनी, एक इचारू का? तुमी त्या दिशी जे बोलल्या… खरं व्हतं का?”

“खरं होतं.”

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, एवढ्या जणांत हा एक तरी त्या माणसाबद्दल काही विचारेल. एका कानाने त्यांनी इतकी वर्षं कशी काढली, त्रास किती झाला, असलं काही.

“मंग ती डॉक्टरची वायर?” तो म्हणाला. “ती बसली व्हती का न्हाई?”

मी त्याला सांगितलं की वायर कपाटावर होती. जाताना एवढंच बोलला, “डॉक्टरला नका सांगू. मानूस चांगला हाये.” मी उद्घाटनाला गेले नाही. तिथे माझ्या पतींच्या फोटोखाली सोन्याचा कान असं लिहिलं आहे, असं गावातून कळलं.

स्पीकर परत कोपऱ्यात न्यायला मला एकटीला दोन दुपारी लागल्या. खाली जुनं पोतं घालून थोडे थोडे ओढले. रविवारच्या मांडणीच्या खुणा फरशीवर पक्क्या आहेत. रोजच्या मांडणीच्या कधी केल्याच नव्हत्या. त्या कराव्यात असं आम्हा दोघांच्या कधी मनात आलं नाही. त्यामुळे मी आठवून आठवून ठेवलं. खुर्ची नेमकी किती वळलेली होती ते मला सांगता येत नाही. एकदा डाव्या कानात कापूस घालून बसून पाहिलं. कापसाने कान बंद होतो, जात नाही. आतून आपलाच आवाज घुमत राहतो. कापूस काढून टाकला.

खोली त्या दुपारसारखी नाही. साधारण तशी आहे. संच चालतो. मी दुपारी एक बाजू ऐकते, शेवटपर्यंत. रविवारी कुणी येत नाही.